कमेंड म्हणजे नेमकं काय, आणि प्रेज, लॉड, एक्स्टोल वगैरे मंडळी कुठे वापरायची : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी इंदूरला लोकमान्यनगरात घरीच इंग्लिश शिकवते. पुढची खोली, एक पांढरा बोर्ड, सहा प्लास्टिकच्या खुर्च्या आणि आतून कुकरच्या शिट्ट्या, एवढाच पसारा. येणारे बहुतेक आपलेच, म्हणजे घरात मराठी, गल्लीत हिंदी आणि इंग्लिश फक्त परीक्षेपुरतं नाहीतर ऑफिसच्या मेलपुरतं. बँकेच्या आणि एसएससीच्या (दहावीची नव्हे, केंद्र सरकारच्या नोकरभरतीची) पेपरात समानार्थी शब्द विचारतात त्यात हा कौतुकवाला गठ्ठा नेहमी असतो, आणि दरवर्षी नवी बॅच आली की तेच प्रश्न, तेच घोटाळे, म्हणून एकदाचं लिहून ठेवतेय. इंग्लिश शब्द मुद्दाम देवनागरीत लिहिलेत, कारण माझा अनुभव असा की निम्म्या लोकांना स्पेलिंग पाठ असतं पण तोच शब्द कोणी बोललं की ओळखूच येत नाही.

काकू, कमेंड म्हणजे कौतुक करणे. झालं ना?

झालं असतं तर एवढं लिहिलंच नसतं. अर्थ तोच, पण कमेंड हा शब्द बहुतेक वेळा वरून खाली येतो, म्हणजे साहेबाकडून हाताखालच्याला, परीक्षकाकडून स्पर्धकाला, संस्थेकडून माणसाला. आपल्याला महू, ते लष्करी छावणीचं गाव, जवळच आहे, २००३ पासून कागदोपत्री डॉ. आंबेडकर नगर पण बसवाला अजून महू महूच ओरडतो, तर तिथल्या एखाद्या फौजी घरात विचारा, सेनाप्रमुखांचं कमेंडेशन कार्ड मिळालं म्हणजे काय असतं ते. ते कार्ड वरून येतं. जवान काही जनरलला कमेंड करत नाही.

मराठीत याला सगळ्यात जवळची आपली शाबासकी. शाबास आपण नातवाला म्हणतो, आजोबांना नाही म्हणत, म्हटलं तर आजोबा चष्मा काढून बघतील. माझ्याकडच्या एकाने रिटायर होणाऱ्या साहेबांना मेल लिहिला होता, 'सर, आय कमेंड यू फॉर युअर लीडरशिप'. ग्रामर शंभर टक्के बरोबर. पण वाचताना वाटत होतं की हा पोरगाच साहेबांची पाठ थोपटतोय. तिथे 'आय हॅव ऑलवेज ॲडमायर्ड युअर लीडरशिप' लिहिलं असतं तर साहेब खूश झाले असते.

दुसरी गोष्ट, कमेंड हवेत होत नाही, कशासाठी ते सांगावं लागतं, आणि ते सांगायला फॉर लागतो. रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक, गेल्यावर रस्ते धुऊन काढणारे आपले सफाई कर्मचारी घ्या: 'द मेयर कमेंडेड द वर्कर्स फॉर क्लीनिंग द रोड्स सो क्विकली'. फॉरच्या पुढे नाम टाका नाहीतर आयएनजीवालं रूप टाका. ऑन पण चालतो. अबाउट चालत नाही. आणि 'कमेंडेड देम टु क्लीन' असं तर मुळीच नाही, हे आपल्या डोक्यातलं 'साफ करण्याबद्दल' थेट उतरवलं की होतं.

डिक्शनरीत कमेंडचा दुसरा अर्थ 'सोपवणे' दिलाय. कौतुकाचा आणि सोपवण्याचा काय संबंध?

हा प्रश्न मला फार आवडतो आणि दहातला एकच जण विचारतो. लॅटिनमध्ये मानुस म्हणजे हात आणि दारे म्हणजे देणे, त्यावरून मान्दारे, म्हणजे हातात देणे, हवाली करणे. त्याला पुढे 'कोम' लागलं आणि कोमेन्दारे झालं. आपण एखादी वस्तू कोणाच्या हवाली करताना काय म्हणतो, की बघ हं, चांगली आहे, नीट सांभाळ. त्या 'चांगली आहे'मधूनच कौतुकाचा अर्थ आला. म्हणजे कमेंड करणारा मुळात एखाद्या माणसाला पुढे करून म्हणत होता, हा घे, याला हाताशी धर, चांगला आहे.

जुना अर्थ अजून जिवंत आहे पण कोपऱ्यात. १६११ सालच्या इंग्लिश बायबलमध्ये येशूचे शेवटचे शब्द आहेत, हे पित्या, माझा आत्मा तुझ्या हातात सोपवतो, तिथे क्रियापद कमेंडच आहे, आणि बघा हातपण तिथे आहेच. मध्ययुगात युरोपात सरदाराची चाकरी पत्करताना माणूस आपले जोडलेले हात सरदाराच्या दोन हातांत ठेवायचा, त्या विधीलासुद्धा कमेंडेशन म्हणायचे. जुन्या पत्रांत 'कमेंड मी टु युअर मदर' असं दिसलं तर घाबरू नका, आईला माझा नमस्कार सांग एवढाच अर्थ आहे.

एकाच घरातली बाकी भावंडं पण सांगून टाकते: कमांड, डिमांड, मँडेट आणि अर्थातच रेकमेंड. रेकमेंड म्हणजे शिफारस, म्हणजे परत तेच, हा माणूस घे, चांगला आहे. आणि एक फार उपयोगी वाक्यरचना याच अर्थाची आहे, 'द प्लॅन हॅज मच टु कमेंड इट', म्हणजे या योजनेत घेण्यासारखं बरंच आहे. इथे कोणी कोणाची पाठ थोपटत नाहीये. एसएससीच्या उताऱ्यात हे वाक्य आलं की पोरं अडकतात, म्हणून आधीच सांगितलं.

मग प्रेज? तोच साधा शब्द कुठेही चालेल का?

चालेल, आणि शंका असेल तिथे प्रेजच वापरा. प्रेजला वर-खाली काही नाही. शिष्य गुरूला, गुरू शिष्याला, भक्त देवाला, शेजारीण शेजारणीच्या लोणच्याला, सगळे प्रेज करू शकतात.

याची गोष्ट कमेंडपेक्षाही मजेदार आहे. लॅटिनमध्ये प्रेतिउम म्हणजे किंमत. त्यातून प्राइस आला, प्राइज आला, प्रेज आला, प्रेशस आला, अप्रेज म्हणजे मूल्यांकन करणे तो आला आणि अप्रिशिएटसुद्धा आला. म्हणजे प्रेज करणं म्हणजे मुळात किंमत लावणं. आता आपली कदर आठवा. अरबीत कद्र म्हणजे मोल, मान. तिला माझी कदर नाही म्हणजे तिला माझी किंमत नाही. लॅटिनवाले आणि अरबीवाले वेगवेगळ्या वाटेने एकाच दुकानात पोचले.

ग्रामरचं एकच: नाम म्हणून प्रेज मोजता येत नाही. 'ही गेव्ह मी अ प्रेज' चूक. अ वर्ड ऑफ प्रेज म्हणा, किंवा कॉम्प्लिमेंट म्हणा, तो मोजता येतो. अनेकवचन फक्त गोडवे गाण्याच्या वाक्प्रचारात, 'सिंग समवन्स प्रेजेस'.

ऑफिसात सगळे अप्रिशिएटच म्हणतात. ते चुकीचं आहे का?

चुकीचं नाही, पण त्याला इतका राबवलाय की बिचारा झिजलाय. अप्रिशिएट म्हणजे एखाद्या गोष्टीचं मोल मनात ओळखणं. बोललंच पाहिजे असं नाही. म्हणून 'बॉस अप्रिशिएटेड मी इन द मीटिंग' हे आपल्या भारतीय इंग्लिशमध्ये मीटिंगमध्ये कौतुक केलं या अर्थाने चालतं, बाहेरच्या माणसाला मात्र ते जरा अर्धवट वाटतं, त्याच्या कानाला तिथे प्रेज्ड हवं असतं.

किंमत वाढणे हा अर्थ पण पक्का आहे. इंदूरच्या सुपर कॉरिडॉर रस्त्याकडे ज्यांनी वेळेत प्लॉट घेतले ते 'प्रॉपर्टी अप्रिशिएट झाली' म्हणतात, आणि ज्यांनी नाही घेतले ते गप्प बसतात (आम्ही दुसऱ्या गटात). रुपया डॉलरसमोर वधारला की तोही अप्रिशिएट होतो.

आणि हो, विनंती करताना एक इट विसरू नका. 'आय वुड अप्रिशिएट इट इफ यू कुड रिप्लाय'. इट गाळणारे इतके आहेत की मला आता तो असला की चुकल्यासारखं वाटतं.

लॉड आणि एक्स्टोल हे शब्द कोणी बोलतं का खरंच?

बोलत नाही. लॉड हा पेपरवाल्यांचा लाडका, कारण हेडिंगमध्ये जागा कमी लागते. इंदूर २०१७ पासून सलग सात वर्षं स्वच्छ सर्वेक्षणात पहिलं आलं, त्या प्रत्येक वर्षी कुठे ना कुठे 'इंदूर लॉडेड' छापून आलं असणार. बोलताना 'आय लॉड यू' म्हणालात तर ब्रिटिश उच्चारात ते लॉर्डसारखंच ऐकू येतं, उगाच गोंधळ. मॅग्ना कम लाउडे म्हणून काही विद्यापीठं पदवीवर शेरा देतात, त्यातलं लाउडे हेच, मोठ्या प्रशंसेसहित.

एक्स्टोल म्हणजे उचलून वर धरणे, लॅटिनमध्ये तोलेरे म्हणजे उचलणे. आपलं डोक्यावर घेणे अगदी तंतोतंत. सहसा त्याच्या पुढे 'द व्हर्च्यूज ऑफ' येतं. नोकरीसाठी पुण्याला गेलेला इंदुरी मुलगा तिथल्या लोकांना आपल्या पोह्यांबद्दल, त्यावरच्या शेवेबद्दल, जिरावण मसाल्याबद्दल आणि बाजूच्या जिलबीबद्दल न थांबता अर्धा तास सांगतो ना, आणि ऐकणारा मनात म्हणतो अरे पोहेच आहेत ते, त्याला म्हणतात 'एक्स्टोलिंग द व्हर्च्यूज ऑफ इंदोरी पोहा'. एक्स्टोलच्या शेवटी एकच एल, पण ईडी लागला की दोन. परीक्षेत इथेच मार्क जातात.

अप्लॉड आणि अपलोड?

हसू नका, दरवर्षी होतं. अप्लॉड म्हणजे टाळ्या वाजवणे, आणि त्यावरून एखाद्या निर्णयाचं उघड स्वागत करणे. अपलोड म्हणजे फोटो चढवणे. 'वुई अपलोड युअर डिसिजन' असं एका सोसायटीच्या नोटीसवर मी स्वतः वाचलंय.

टाळ्यांवरून एक गंमत. लॅटिनमध्ये प्लाउदेरे म्हणजे टाळ्या वाजवणे. एक्सप्लोड हा शब्दही त्यातूनच आलाय, कारण रोमन नाटकात नट आवडला नाही की प्रेक्षक टाळ्यांचा गोंगाट करून त्याला स्टेजवरून हाकलून द्यायचे, म्हणजे एक्स, बाहेर. स्फोटाचा अर्थ फार नंतरचा. प्लॉझिबल पण त्याच खोलीतला, मुळात टाळी घेण्याजोगा, आता नुसता पटण्याजोगा. आपल्याकडच्या नाटकांच्या प्रयोगांत टाळ्या वाजवून हाकलायची पद्धत नाही, आपण खोकतो.

'हेल्ड ॲज' आणि 'हेल्स फ्रॉम' एकच का?

स्पेलिंग एकच, हाक मारण्याचं मूळही एकच, अर्थ वेगळे. हेल ॲज म्हणजे जाहीरपणे थोर म्हणून डोक्यावर घेणे. २०११ च्या डिसेंबरात सेहवागने आपल्या होळकर स्टेडियमवर वेस्ट इंडिजविरुद्ध १४९ चेंडूंत २१९ काढले तेव्हा तो पुरुषांच्या वनडेतला सगळ्यात मोठा स्कोअर होता, आणि आधीचा विक्रम सचिनच्या नाबाद २०० चा, तोही आपल्याच मध्य प्रदेशात, २०१० मध्ये ग्वाल्हेरला. तर 'द इनिंग्ज वॉज हेल्ड ॲज वन ऑफ द ग्रेटेस्ट'. इथे कमेंडेड लिहिलं तर सेहवागला उत्तेजनार्थ बक्षीस दिल्यासारखं वाटेल. खरंच तसं आहे, ब्रिटिश स्पर्धांमध्ये पहिल्या तीन नंबरांत न आलेल्यांना 'हायली कमेंडेड' म्हणून सर्टिफिकेट देतात. ते आपलं उत्तेजनार्थ.

हेल फ्रॉम म्हणजे अमुक गावचा असणे, त्यात कौतुक काही नाही. हेल अ टॅक्सी म्हणजे हात करून टॅक्सी थांबवणे. आणि आकाशातून पडतात त्या गारा पण हेलच, पण तो शब्द मुळातच वेगळा, योगायोगाने सारखा दिसतो.

ॲक्लेम म्हणजे जयजयकार, त्यात लॅटिनमधलं ओरडणं आहे. 'क्रिटिकली ॲक्लेम्ड' पिक्चर म्हणजे समीक्षकांनी वाखाणलेला. पेशंट क्रिटिकल असतो त्या अर्थाने क्रिटिकल नाही. हे लिहायला कसंतरी वाटतंय पण विचारलं गेलंय.

कॉम्प्लिमेंट आय ने की ई ने?

आयवालं म्हणजे कौतुकाचे दोन शब्द, समोरासमोर, साडी छान आहे, आवाज छान आहे या जातीचे. ईवालं म्हणजे एकाने दुसऱ्याला पूर्णत्व देणं, श्रीखंड आणि पुरी. कम्प्लीटमध्ये जो ई आहे तोच ई इथे, असं लक्षात ठेवा. मूळ दोघांचं एकच आहे, एक इटली-स्पेन फिरून आल्यामुळे त्याचा वेष बदलला.

कॉम्प्लिमेंटच्या पुढे ऑन येतो, 'शी कॉम्प्लिमेंटेड मी ऑन माय रांगोळी'. आणि हॉटेलात 'कॉम्प्लिमेंटरी ब्रेकफास्ट' म्हणजे ब्रेकफास्ट तुमचं कौतुक करणार नाही, फुकट आहे.

कमेंड, कमांड, कंडेम. घाईत लिहिताना घोटाळा होतो. काही युक्ती?

युक्ती सांगते पण आधी किस्सा. एका ऑफिसात निरोप समारंभाचं मानपत्र टाइप झालं, त्यात होतं 'वुई कंडेम युअर थर्टी इयर्स ऑफ सर्व्हिस'. मोबाइलने आपल्या मनाने दुरुस्ती केली म्हणे. लॅमिनेशन झालं, फ्रेम झाली, आणि हार घालून झाल्यावर सत्कारमूर्तींच्या सूनबाईंनी मोठ्याने वाचून दाखवायला घेतलं. पुढचं तुम्हीच समजून घ्या.

युक्ती अशी की आपली कंडम गाडी आठवायची. सरकारी जीप निकालात काढली की तिला कंडेम्ड म्हणतात, तेच आपल्या तोंडी कंडम झालं. भंगारच्या ठेल्यावर रोज ऐकतो आपण. तर ज्यात कंडम ऐकू येतो तो निषेधाचा शब्द, कंडेम. कमेंडमध्ये कंडम नाही. कमांड म्हणजे हुकूम, तो मात्र कमेंडचा सख्खा भाऊ, ए आणि ई एवढाच फरक. मोबाइलवर विश्वास ठेवू नका, मानपत्र असेल तर छापण्याआधी दोन जणांना वाचायला द्या.

युलोजाइज हा कौतुकाचाच शब्द आहे ना? साहेबांच्या वाढदिवसाच्या भाषणाला युलॉजी म्हणू का?

नका म्हणू हो! ग्रीकमध्ये यु म्हणजे चांगलं आणि लोगोस म्हणजे बोलणं, म्हणून शब्दशः चांगलं बोलणं, पण आजच्या इंग्लिशमध्ये युलॉजी ऐकली की लोकांना माणूस गेल्यानंतरचं भाषणच आठवतं. परीक्षेत मात्र युलोजाइज हा प्रेज आणि एक्स्टोलचा समानार्थी म्हणून येतो, तिथे बिनधास्त टिक करा.

खोट्या कौतुकाला काय म्हणायचं?

फ्लॅटर. गोड बोलून काम काढणे. बटर अप हे तर आपल्या मस्क्याचंच इंग्लिश, आणि फॉन ओव्हर म्हणजे लाळघोटेपणा. आपल्याकडे हरभऱ्याच्या झाडावर चढवतात, आणि त्यातली खरी मेख अशी की हरभऱ्याचं झाड गुडघ्याएवढंही मोठं नसतं, चढवून घेणाऱ्याला तेवढं कळत नाही एवढंच. इंग्लिशमध्ये एवढी बारीक चेष्टा करणारा शब्द मला तरी सापडला नाही.

पण 'आय ॲम फ्लॅटर्ड' म्हणालात तर त्यात वाईट काही नाही, अहो केवढं कौतुक केलंत, इतकाच अर्थ.

उलट प्रकार पण आहे. तोंडाने कौतुक, पोटात टोमणा. 'तुझ्या मानाने पोळ्या बऱ्या झाल्यात' हे प्रत्येक घरात ऐकलंय. याला बॅकहँडेड कॉम्प्लिमेंट म्हणतात. आणि कौतुक इतकं कंजूसपणे करायचं की ती निंदाच वाटावी, त्याला 'डॅम विथ फेंट प्रेज', पोप नावाच्या इंग्रज कवीने १७३५ मध्ये ही ओळ लिहिली आणि ती भाषेत कायमची राहिली. शाळेत व्याजस्तुती अलंकार शिकलो होतो, आठवतोय का? स्तुतीच्या आडून निंदा, नाहीतर निंदेच्या आडून स्तुती. आपल्या सगळ्या मोठ्या आत्या त्यात निष्णात होत्या, अलंकाराचं नाव माहीत नव्हतं एवढंच.

'कौतुक'ला एकच नेमका इंग्लिश शब्द सांगा ना.

नाहीये. खरं सांगते, सगळा घोळ इथूनच सुरू होतो, कारण आपण इंग्लिशचे दहा शब्द घेऊन सगळ्यांसमोर कौतुक लिहितो आणि मग म्हणतो सगळे सारखेच आहेत.

संस्कृतात कौतुक म्हणजे नवल, कुतूहल. ते नवल मराठीत अजून शिल्लक आहे. 'एवढ्या वयात रोज सकाळी पोहायला जाता, मला तुमचं कौतुक वाटतं', हे ॲडमायर. ॲडमायरच्या लॅटिन मुळातही नवल करणंच आहे, मिरॅकलमध्ये तेच आहे, आणि ॲडमायर मनातल्या मनात होतं, तोंड उघडावं लागत नाही, कौतुक वाटणे तसंच. 'बाईंनी वर्गात तिचं कौतुक केलं', हे प्रेज किंवा कमेंड. 'पहिलटकरीण आहे, चार दिवस माहेरी कौतुक होऊ दे', हे पॅम्पर, इथे प्रेज टाकलंत तर माहेरचे लोक तिच्यासमोर भाषण करतायत असं होईल. 'त्याला कारचं काही कौतुक नाही', म्हणजे अप्रूप नाही. आणि 'कसलं मेलं कौतुक', हे तर थेट बिग डील. शब्द एक, अर्थ पाच. म्हणून भाषांतर करताना आधी विचारा, वाटलं की केलं की झालं? वाटलं तर ॲडमायर, केलं तर प्रेजच्या घरात शोधा, झालं तर लाडाकोडाच्या.

दाद पण तशीच अवघड. फारसीत दाद म्हणजे न्याय. कोर्टात दाद मागतो आपण, आणि गाण्याच्या बैठकीत दाद देतो, म्हणजे गाणाऱ्याला त्याचा न्याय देतो. उस्ताद अमीर खाँसाहेब इंदूरचे, आपल्याकडे जुनी मंडळी अजून त्यांच्या विलंबित ख्यालाबद्दल बोलतात तेव्हा हात आपोआप वर जातो. अशी दाद अप्लॉड नाही, कारण टाळी शेवटी वाजते आणि दाद मध्येच जाते, बरोबर त्या जागेवर. मी मुलांना सांगते वाक्य लिहा, 'ही अप्रिशिएटेड द सिंगर ॲट द राइट मोमेंट', आणि मलाच ते आवडत नाही.

आणि वाखाणणे? ते व्याख्यानातून आलंय, म्हणजे मुळात उलगडून सांगणे. तारीफ अरबीतून, तीही मुळात ओळख करून देणे, म्हणून हिंदीत 'आपकी तारीफ?' म्हणजे आपण कोण. दोन्हीकडे कौतुक म्हणजे आधी नीट ओळख पटवणं, मग तोंड गोड करणं. कमेंडला फॉर लागतो तो मला याच घरातला वाटतो.

आपलं इंदुरी 'गजब भिया', म्हणजे 'कमाल केलीस भाऊ', इंग्लिशमध्ये कसं म्हणू?

ग्रेट जॉब, सुपर्ब, ब्रिलियंट, काहीही म्हणा. 'भिया' मात्र इथेच ठेवून जा. कुडोज म्हणणार असाल तर ते एकवचन आहे, ग्रीकमध्ये कीर्ती, एक कुडो दोन कुडोज असं नसतं.

ऑफिसच्या मेलमध्ये कोणासाठी काय लिहू? सरळ सांगा.

ज्युनिअरला: 'आय वाँट टु कमेंड यू फॉर फिनिशिंग द ऑडिट बिफोर टाइम'. वरच्या साहेबांना सीसी ठेवा, नाहीतर कमेंडचा उपयोग काय, ते मुळात पुढे करणंच आहे.

बरोबरीच्याला कमेंड केलंत तर तो मनात म्हणेल हा कधीपासून माझा साहेब झाला. त्याला 'ग्रेट वर्क ऑन द प्रेझेंटेशन, एस्पेशली द लास्ट पार्ट'. शेवटचा भाग म्हणताच त्याला कळतं की तुम्ही खरंच बघितलंय.

वरच्याला: ॲडमायर, किंवा 'आय लर्न्ट अ लॉट फ्रॉम'. मोठ्या माणसाला त्याच्याकडून काय शिकलो ते सांगितलेलं जास्त आवडतं.

पूर्ण टीमला, जाहीर: अप्लॉड चालतं. प्रेस नोट असेल तर लॉड. एक्स्टोल मेलमध्ये कुठेच नको, आणि युलोजाइजचं वर सांगितलंच आहे.

स्वतःबद्दल लिहायचं असेल, म्हणजे अप्रेजल फॉर्म वगैरे, तर यातलं एकही क्रियापद नको. आपली टिमकी आपण वाजवायची नाही म्हणून नव्हे, तर त्या फॉर्ममध्ये आकडे आणि काम लिहायचं असतं. 'वॉज कमेंडेड बाय द रीजनल हेड फॉर अमुक' असं दुसऱ्याच्या तोंडून आलेलं मात्र जरूर टाका.

विरुद्धार्थी कोणते पाठ करू?

सेन्शर, कंडेम, डिनाउन्स, रिब्यूक, रेप्रिमांड, डिस्पॅरेज, डिक्राय, बिलिटल. यात रेप्रिमांड हा कमेंडचा बरोबर उलटा, तोही वरून खाली येतो आणि फाइलला लागतो. बिलिटल म्हणजे एखाद्याला छोटा करून टाकणे, तो एक्स्टोलच्या समोर ठेवा, एक उचलतो एक खुजं करतो. सेन्शर आणि सेन्सॉर वेगळे, सेन्सॉर कात्री लावतो.

कोणी इंग्लिशमध्ये माझंच कौतुक केलं तर? मला कायम अवघडल्यासारखं होतं.

आपल्या सगळ्यांनाच होतं. आपण 'छे हो, कसलं काय' म्हणतो आणि ते मराठीत शोभतंही. माझ्या एका विद्यार्थिनीला व्हिडिओ कॉलवर परदेशी क्लायंट म्हणाला की प्रेझेंटेशन फार छान झालं, तर ही म्हणाली, 'नो नो सर, नथिंग लाइक दॅट, माय इंग्लिश इज व्हेरी वीक'. त्या बाजूला शांतता. बिचाऱ्याला कळेना की आता समजूत काढायची की विषय बदलायचा. 'थँक यू, आय ॲम ग्लॅड यू लाइक्ड इट' म्हणायचं आणि पुढच्या मुद्द्यावर जायचं. फारच ओशाळल्यासारखं वाटलं तर टीमचं नाव घ्या, 'द टीम वर्क्ड हार्ड ऑन इट'. आणि लहान मुलाचं कोणी कौतुक करत असेल आणि आजी बाजूला असेल तर ती रात्री मीठमोहऱ्या ओवाळणारच, तिला ओवाळू द्या.

रेकमेंडचं स्पेलिंग एकदा सांगाल? आणि उच्चार?

आर ई झालं की पुढे पूर्ण कमेंड लिहा, म्हणजे एक सी, दोन एम. दोन सी लिहिणारे खूप आहेत. कमेंडचा उच्चार करताना जोर मेंडवर, क अगदी हलका. एक्स्टोलमध्ये जोर टोलवर. प्रेज म्हणजे 'प्रेझ', शेवटी झबल्यातला झ, आणि प्रार्थना करतो या अर्थाचं प्रेजसुद्धा हुबेहूब तसंच ऐकू येतं, संदर्भाने ओळखायचं. कमेंडेशनमध्ये मात्र जोर सरकून डे वर जातो, ते बोर्डासमोर उभं राहून चार-पाचदा मोठ्याने म्हटल्याशिवाय जिभेवर बसत नाही.